बिनसांध्याचे अण्णा

अण्णा आमच्या घरी आले की आधी चादरीला भेटतात, मग मला. दाराशी चपला काढतात, "काय सर, बरं आहे की?" असं हवेत विचारतात आणि उत्तर यायच्या आत दिवाणावरच्या चादरीचं टोक दोन बोटांत धरून स्वतःकडे ओढतात. दिवाणावर कोणी बसलेलं असलं तर त्याच्यासकट. मग त्यांची तर्जनी चादरीवरून सरकायला लागते. या फुलावरून त्या पानावर, पानावरून देठावर, वैद्य नाडी शोधतो तशी. अर्ध्या मिनिटात बोट थांबतं.

"हितं. हितं सांधा आहे बगा."

तिथे काहीही नसतं. म्हणजे तुम्हाआम्हाला दिसेल असं काही नसतं. पण अण्णांनी एकदा सांगितलं की तिथून पुढे दुसरं काही दिसत नाही. परवा डॉक्टरांनी त्यांना, वय बघून, साहजिकच विचारलं, "सांधे दुखतात का?" अण्णा म्हणाले, "दुखत न्हाईत. दिसतात."

छापील काय किंवा विणलेलं काय, नक्षीच्या कापडात खरी नक्षी वीत-दोन वीतच असते. बाकी सगळा तागा म्हणजे त्या वितीची न संपणारी हजेरी. ही वीत कुठे संपली आणि पुन्हा कुठे सुरू झाली हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये, एवढंच या धंद्याचं मागणं. धंद्यातले लोक या वितीला रिपीट म्हणतात. अण्णांनी चाळीस वर्षं रिपीट केली आणि मग निवृत्त होऊन पुन्हा रिपीटच सुरू केली. दोन्हींच्या मधला सांधा मलाही सापडलेला नाही.

या नजरेचे तोटे आहेत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अण्णा एकदा एका परक्या बाईंच्या मागे मागे पाळण्यांपासून थेट बांगड्यांच्या दुकानापर्यंत चालत गेले. बाईंच्या भावाने खांद्यावर हात ठेवून चौकशी केली तेव्हा अण्णा निरागसपणे म्हणाले, "ताईंच्या पाठीवर मोर अर्धाच आहे, बाकीचा कुठं निघतोय बगत होतो." त्या दिवसापासून अक्कांचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, नियम आहे: साडी नेसलेली बाई दिसली की अण्णांनी आकाशाकडे बघायचं. लग्नकार्यात ते सतत वर बघत फिरतात. लोकांना वाटतं, अण्णा अलीकडे देवाधर्माला लागलेत. खरं म्हणजे ते मांडवाच्या कापडाचं रिपीट मोजत असतात.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि राग आला की कन्नड. चादरीच्या कारखान्यात ते ग्राफ भरायचे. सोलापुरी चादरीला आता भौगोलिक मानांकन आहे. त्याचा विषय निघाला की अण्णा म्हणतात, "मानांकन चादरीला, आन् मान गेली आमची." त्यांची मान खरोखरच डावीकडे थोडी झुकलेली आहे. चौकटीचा मोठा कागद, बारीक कुंचला, तांबडा रंग, आणि एकेक चौकोन भरत जायचं. जॅकार्डला चारशे हुक असले की आडवे चारशे चौकोन. भरलेला चौकोन म्हणजे कार्डाला भोक, भोक म्हणजे हुक वर, हुक वर म्हणजे ताण्याचा धागा वर. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड. मोर जितका उंच, तितकी कार्डं जास्त. लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र उभं केलं. अण्णा त्याचा उल्लेख 'आमचा जोसेफ' असा करतात. सुरुवातीला मला वाटलं, कारखान्यातला कोणी फिटर असेल.

या कार्डांची माळ असते, आणि शेवटचं कार्ड दोऱ्याने पहिल्याला शिवलेलं असतं. माळ फिरत राहते, मोर येत राहतात. अण्णांच्या सगळ्या आयुष्यातलं हे एकच शिवलेलं, उघड, डोळ्यांनी दिसणारं सांधण, आणि त्याबद्दल ते फार हळवे आहेत. "सर, तिथं दोरा घातल्याशिवाय चादर पुढं जात न्हाई," असं म्हणून ते गप्प बसतात आणि चहा गार होऊ देतात.

त्यांच्या गोष्टीही त्या माळेवरच लावलेल्या असाव्यात. एकूण गोष्टी सात. मालकाने मोराच्या जागी कमळ मागितलं ती, कार्डं उंदरांनी खाल्ली ती, पावसात ग्राफचा तांबडा रंग ओघळून हत्तीला तुरा फुटला आणि तीच चादर जास्त खपली ती, वगैरे. गेली नऊ वर्षं मी त्या ऐकतो आहे. पण अण्णा कसलेला कारागीर. ते एकच गोष्ट दोनदा त्याच ठिकाणी सुरू करत नाहीत. मागच्या वेळी उंदरापासून सुरुवात झाली असेल तर या वेळी मालकाच्या मधल्या वाक्यापासून होते, आणि ऐकणाऱ्याला बराच वेळ वाटत राहतं की हे काहीतरी नवीन आहे. अर्ध्या तासाने उंदीर येतात. तोवर पोहे संपलेले असतात.

कारखान्यात ग्राफ भरायला संगणक आला आणि अण्णा घरी आले. घरी बसून त्यांनी सहा महिने अक्कांच्या स्वयंपाकघरातले डबे रांगेत लावले. मग अक्कांनी त्यांना भाच्याच्या दुकानात नेऊन सोडलं.

भाच्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, फेरनिवड, श्रद्धांजली. तिथे कोरलड्रॉ चालतं. आपल्याकडे गल्लोगल्ली फ्लेक्सवाले त्यावरच बोटं चालवतात. एका भाऊंच्या वाढदिवसाचा फलक होता. वर भाऊ, खाली शुभेच्छुकांची चाळीस डोकी. भाचा जेवायला गेला होता. अण्णांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांना राहवेना. चाळीस डोकी एकाखाली एक, सरळ उभ्या रांगांत. उभ्या पट्ट्यांचं जाजम झालं होतं. अण्णांनी माऊस हातात घेतला आणि एक रांग सोडून दुसरी रांग अर्ध्या डोक्याने खाली सरकवली.

याला हाफ ड्रॉप म्हणतात. शेजारची रांग रिपीटच्या निम्म्याने खाली. कापडात ही फार जुनी आणि फार गुणी युक्ती आहे: डोळा आडवा धावायला लागला की अडतो, तिरका वळतो, आणि कुठून सुरुवात झाली ते विसरतो. फलकावरही तेच झालं. इतकी देखणी चाळीस डोकी सोलापुरात आजवर कोणी पाहिली नसतील. फलक चौकात लागला आणि तासाभरात दुकानात वीस माणसं आली. "आमचा फोटो अर्ध्या डोक्यानं खाली का?" कोणाला कोणी खाली दाखवायला सांगितलं, पैसे किती मिळाले, हे सगळं निघालं. अण्णा त्यांना समजावत होते की, बाबांनो, तुम्ही खाली नाही, तुम्ही हाफ ड्रॉपमध्ये आहात. 'ड्रॉप' हा शब्द त्या मंडळींच्या कानाला बरा लागला नाही. भाच्याने त्याच रात्री मामांना एक जुना लॅपटॉप दिला, त्यावर फुकट मिळणारं इंकस्केप घातलं आणि हात जोडून सांगितलं, "मामा, घरी. जे काय करायचं ते घरी."

अशी अण्णांची नवी कारकीर्द सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी थांबली. संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. त्या दिवशी त्यांनी चादरीलाही हात लावला नाही.

"सर, त्यात चौकोनच न्हाईत."

हे दुःख समजून घ्यायला हवं. ज्या माणसाने चाळीस वर्षं गोल म्हणजे चौकोनांची पायरी, वेल म्हणजे चौकोनांचा जिना, असं बघितलं, त्याच्यासमोर एकदम गुळगुळीत रेघ आली. व्हेक्टर चित्रात टिकल्या-टिकल्यांचा हिशेबच नसतो. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वळणाची रेघ, एवढं सूत्र तेवढं साठवलेलं असतं. चित्र नखाएवढं करा की भिंतीएवढं, रेघ दरवेळी नव्याने काढली जाते. कड फाटत नाही. मी गणिताचा मास्तर असल्यामुळे हे उत्साहाने सांगत होतो. अण्णा ऐकत होते. मग त्यांनी लॅपटॉपवर कोयरीची कड धरून ती मोठी केली. आणखी मोठी केली. पडद्यात मावेना एवढी केली. चौकोन कुठेतरी दडून बसलेला असणार अशी त्यांची खात्री होती. रात्री साडेदहाला अक्कांचा फोन आला: "सर, ते अजून कोयरी मोठीच करायलेत. जेवायला पाठवा की." ते माझ्या घरी नव्हतेच, पण अक्कांना फोनवरून तरी कोणावर तरी रागवायला हवं होतं.

चौथ्या दिवशी शोध थांबला आणि ते कामाला लागले. आज या विषयात आमच्या भागात त्यांच्याएवढा जाणता दुसरा नाही. कॉलेजातली पोरंपोरी शिकायला येतात. अण्णा त्यांना जे सांगतात ते मी कोपऱ्यात बसून ऐकलंय, आणि बी.एड.ला मला इतकं चांगलं शिकवणारं कोणी भेटलं नाही.

"हे बग. एक खोली काढ. साठ बाय साठ. भिंती दिसायच्या न्हाईत, त्यांना रंग न्हाई, रेघ न्हाई, पण हाईत. आता हितं एक मांजर सोड. मांजर खोलीत बसलं तर काय मजा? सगळी मांजरं आपापल्या खोलीत, मधी रिकाम्या गल्ल्या. लांबून बगितलं तर पोलीस लाइन. म्हणून मांजर भिंतीवर बसव. तोंड खोलीत, शेपटी उजवीकडनं बाहेर. आता जी शेपटी उजवीकडनं गेली ती डावीकडनं आत यायला पाहिजे की न्हाई? मग त्याच मांजराची नक्कल कर आन् बरोब्बर साठ डावीकडं सरकव. हातानं ओढायचं न्हाई! आकडा घाल. एकोणसाठ पॉइंट नऊ न्हाई, साठ. वरनं गेलं तर खालनं साठ. आन् कोपऱ्यात बसवलंस तर?"

"चारी कोपऱ्यांत," पोरगी म्हणते.

"शाब्बास. एक मांजर, चार कोपरे. चौघात मिळून एक. भिंती ओलांडून झाल्या की मग मधलं भर. आधी मधलं भरशील तर रडशील."

हे शेवटचं वाक्य खरं आहे. त्या पोरी आधी मधलं सुंदर भरतात आणि मग कडेला ठिगळ लावत बसतात. अण्णांच्या मते माणसंही हेच करतात, पण ते वाक्य मी इथे पुरं करत नाही, कारण ते पुरं करताना ते नेहमी माझ्याकडे बघतात.

एका रात्री दोन वाजता दार वाजलं. अण्णा लॅपटॉप उघडा धरूनच उभे. नक्षी मांडून झाली होती, नऊ खोल्या शेजारी शेजारी, आणि प्रत्येक दोन खोल्यांच्या मधे केसाएवढी पांढरी रेघ. सांधा! त्यांच्या स्वतःच्या कामात! त्यांनी आकडे सात वेळा तपासले होते. पडदा धोतराच्या सोग्याने पुसला होता, मग अक्कांच्या कुंकवाच्या पेटीतल्या आरशाच्या मऊ फडक्याने. पडद्याला बोट लावून आवाज खाली आणून म्हणाले, "सर, मोठं केलं की जाते. लहान केलं की येते. भूत आहे."

भूत साधं होतं. खोलीची कड पडद्याच्या ठिपक्याच्या मधोमध पडली की संगणक तो ठिपका अर्धा रंगवतो. पलीकडच्या खोलीचीही कड तिथेच, तीही अर्धी. दोन अर्धे एकमेकांवर येऊनही पुरता एक होत नाहीत आणि मागचा पांढरा डोकावतो. मागे पूर्ण रंगाचं एक पाणी दिलं, मापं पूर्णांकात ठेवली, की रेघ जाते. छापताना बहुतेकदा ती नसतेच. मी हे सांगितल्यावर अण्णांनी सुटकेचा श्वास टाकला आणि अंगणातल्या बाजेवर तिथेच झोपले. सकाळी अक्का त्यांना न्यायला आल्या. त्यांनी माझ्या बायकोला फक्त एवढंच विचारलं, "तुमचे हे तरी रात्री झोपतात का हो?"

सांध्यानंतर अण्णांचा दुसरा शत्रू म्हणजे 'ओळ'. जवळून सगळं ठीक असतं. पण एखादं फूल जरा गडद असतं, एखादी जागा जरा रिकामी असते, आणि तेच दर रिपीटला त्याच ठिकाणी आलं की लांबून कापडावर पट्टा दिसायला लागतो. जो कोणी काढला नाही, तो. पलंगावर अंथरल्याशिवाय सापडत नाही, आणि तोवर हजार मीटर छापून झालेलं असतं. म्हणून अण्णा नक्षी छापून तिचे सोळा कागद भिंतीवर चिकटवतात, चष्मा काढून अक्कांच्या हातात देतात आणि गल्लीच्या टोकाला जाऊन मागे वळतात. चष्म्याशिवाय त्यांना फुलं दिसत नाहीत, पानं दिसत नाहीत, घर जेमतेम दिसतं. फक्त ओळ दिसते. "चांगल्या डोळ्याला ओळ फसवते, सर." मग ओणवे होऊन पायांच्या मधून उलटं बघतात. गल्लीतल्या नव्या भाडेकरूंनी यावर एकदा डॉक्टरला बोलावलं होतं. तो तोच सांध्यांचा डॉक्टर.

आता सतराची गोष्ट, कारण तिच्यात माझाही दोष आहे. इंकस्केपमध्ये एका आकृतीच्या नकला मांडायची एक खिडकी आहे. तिच्यात मांडणीच्या प्रकारांची यादी येते: पी वन, पी टू, पीएम, पीजी, सीएम... अण्णांनी ती यादी एका कागदावर उतरवून माझ्यापुढे ठेवली. "यात पीएम हाईत, सीएम हाईत. पीडब्ल्यूडी न्हाईत. हे काय सरकारी आहे का?"

मी म्हणालो, अण्णा, मोजा. त्यांनी मोजले, सतरा. मग मी सांगितलं की सपाट पृष्ठभागावर दोन्ही दिशांनी न संपणारी नक्षी कोणीही, कुठेही, काहीही काढली तरी तिची मांडणी या सतरांपैकी एकीत बसते. सरकवणं, फिरवणं, आरशात बघणं, आणि सरकवता सरकवता आरशात बघणं. एवढ्यांच्या मेळातून सतराच निघतात. फ्योदोरव नावाच्या रशियन स्फटिकशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये हे सिद्ध केलं. १९२४ मध्ये पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने पुन्हा स्वतंत्रपणे दाखवलं. माझ्या सहावीच्या वर्गाने गृहपाठ न करण्याची जी कारणं दिली आहेत तीही मी मोजली तर सतराच्या पुढे जात नाहीत, पण त्याची सिद्धता अजून कोणी दिलेली नाही.

अण्णा बराच वेळ गप्प होते. चाळीस वर्षं काढलेले मोर, कमळं, हत्ती. मग म्हणाले, "आठरावा न्हाईच?"

"नाहीच."

"बगितला का कुणी?"

"बघून नाही अण्णा, सिद्ध करून. असूच शकत नाही."

गणिताचा हा उर्मटपणा त्यांना मुळीच आवडला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते वही घेऊन सोलापुरात फिरायला लागले. सतरा जागा शोधायच्या, आणि जमलं तर अठरावी. खिडक्यांच्या जाळ्या, देवळांच्या फरशा, एसटीच्या सीटचं कापड, जुन्या वाड्यांतल्या रंगीत सिमेंटच्या लाद्या. गौरी घरात येताना काढतात ती पावलं बघून ते धावत आले: डावं, उजवं, डावं, उजवं, सरकवून आरशात! पावलांच्या अशा ओळीशेजारी ओळी मांडल्या की झाला पीजी. "आमच्या आईनं पीजी काढली होती, सर. तिला ठाऊकच न्हाई." डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी त्यांना सांगितलं नाही की हल्ली पीजी म्हणजे पोरांनी पुण्यात भाड्याने घेतलेली कॉट.

तिनाच्या जाती मात्र सापडत नव्हत्या. आपल्याकडे चाराची आणि सहाची चंगळ, तिनाची वानवा. शेवटी एक दिवस भर फुटपाथवर अण्णा मांडी घालून बसलेले दिसले. खाली तीन पाकळ्यांचे सिमेंटचे ठोकळे. एक तृतीयांश फिरवा, पुन्हा तेच, आरसाही आहे. पी थ्री वन एम. मात्र कोणीतरी पाइपासाठी तो फुटपाथ खोदून परत भरला होता आणि दोन ठोकळ्यांच्या जागी चक्क डांबर ओतलं होतं. अण्णांनी वहीत नोंद केली: "३१ एम. मधे डांबर." पुढे एक महिना रोज त्या जागेवरून जाताना ते तिकडे न बघता जात. साडी नेसलेली बाई असावी तसे, वर आकाशाकडे बघत.

या सगळ्या अभ्यासाचं फळ म्हणजे पोपट.

भाच्याच्या ओळखीने बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने पलंगपोसाची नक्षी मागितली. अण्णांनी तीन महिने खपून पोपट काढले. साठ सेंटिमीटरची खोली, पेरूच्या फांद्या, सात पोपट. पाच भिंतींवर, दोन आत. गल्लीच्या टोकावरून, पायांच्या मधून, सगळीकडून तपासलं. ओळ नाही, सांधा नाही. अक्कांनी एकदाच चष्मा पुसता पुसता म्हटलं, "हे पोपट रेशनच्या रांगेत उभारल्यासारखे दिसतात." अण्णा त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलले.

फाइल गेली आणि फोन आला. रोटरी छपाईत जाळीचा नळा फिरत राहतो. त्याचा घेर सहसा चौसष्ट सेंटिमीटर. नळा एकदा फिरला की एक रिपीट. म्हणजे रिपीट चौसष्टचं हवं, नाहीतर बत्तीस, सोळा असं चौसष्टला नीट भाग जाणारं. साठ चालत नाही. "काका, थोडं मोठं करा ना, व्हेक्टरच आहे," व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. सगळीकडून सारखं वाढवलं असतं तर कड फाटली नसती, काही बिघडलं नसतं. पण अण्णा जॅकार्डचा माणूस. चारशे हुकांचे चारशे सव्वीस करा असं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. "नक्षी काय रबर आहे का?" म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि सगळी नक्षी चौसष्टात पुन्हा मांडायला बसले. तिकडे त्या माणसाने त्यांची वाट न बघता फाइल उघडली आणि फक्त उभी ताणली. साठाचे चौसष्ट. रुंदी आहे तीच.

पोपट उंच झाला. मान लांब, चोच खाली ओघळलेली, पेरू दुध्यासारखे. शिवाय ताणल्यामुळे वरच्या आणि खालच्या पोपटांच्या मधली जागा उघडी पडली आणि कापडावर आडवी, ठसठशीत, गल्लीच्या टोकावरूनच काय पण स्टेशनवरून दिसेल अशी ओळ आली. भाच्याने ते बघून जो उद्गार काढला तो या प्रसंगासाठीच मराठीत तयार ठेवलेला आहे, पण मामांसमोर काढायचा नव्हता.

"कुणाचा झाला?" अण्णांनी शांतपणे विचारलं. भाचा दुकानात पळाला.

व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत, पण वाईट वाटून नमुन्याचं कापड पाठवलं. पावणेसहा मीटर. अण्णांनी ते घडीही न मोडता माळ्यावर टाकलं, लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे वळले.

आठ दिवसांनी अक्कांनी मला बोलावणं पाठवलं. गेलो तर अण्णा खोलीच्या दारात चष्म्याविना उभे. आत पलंगावर तेच उंच पोपट. अक्कांनी कापड माळ्यावरून काढून मधोमध कापलं होतं, दोन्ही तुकडे शेजारी ठेवून मशीनवर उभी शिवण मारली होती आणि डबल बेडचा पलंगपोस केला होता. नक्षी जुळवत बसल्या असत्या तर कापड वाया गेलं असतं. अक्का काही वाया घालवत नाहीत. पलंगाच्या बरोबर मधून, जाड दोऱ्याची, जराशी वाकडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवण. अण्णांच्या घरात, अण्णांच्या नक्षीत, सांधा.

आणि ओळ नाहीशी झाली होती. डावीकडून येणारी शिवणीपर्यंत यायची आणि तिथे तिला पलीकडच्या पोपटाचं पोट आडवं यायचं. डोळा वर-खाली घोटाळायचा, आणि उंच पोपट मान काढून एकमेकांच्या घरात डोकावताहेत असं वाटायचं.

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. पावणेसहा मीटरचे निम्मे दोनशे साडेसत्त्याऐंशी. त्यातून चार रिपीट म्हणजे दोनशे छप्पन्न गेले, उरले साडेएकतीस. चौसष्टचे निम्मे बत्तीस. अर्धा सेंटिमीटर कमी, पण हाफ ड्रॉप.

"साडेएकतीस," अण्णा पुटपुटले. त्यांनी ते माझ्या आधी बोटाने मोजलं होतं. ते पुढे झाले, पलंगाशी वाकले आणि तर्जनी शिवणीवरून वरपासून खालपर्यंत फिरवली. मग एकदा गल्लीच्या टोकाला जाऊन आले. मग पायांच्या मधून बघितलं. उठले तेव्हा चेहरा तांबडा झाला होता, ओणवं झाल्यामुळे की कशामुळे ते सांगता येत नाही.

"सर," त्यांनी हळूच विचारलं, "आठरावा तर न्हाई?"

एका शिवणीने नक्षीचा प्रकार वाढत नाही. उलट अशा कापडाला सतरांतलीही जागा मिळत नाही, कारण ते दोन्ही दिशांनी सारखं राहिलेलंच नसतं. ही गोष्ट मी वर्गात एका मिनिटात सिद्ध करू शकतो. मी तोंड उघडलं. अक्का मशीनपाशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात अजून कात्री होती.

मी चहा मागितला.